अकरा महिने बिनपगारी

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

शपथपत्र — टायपिंग, नोटरी धरून ५००. पोलीस पडताळणी ३००. डॉक्टरचा दाखला २००. ओळखपत्र आणि त्याची निळी दोरी १५०. महिन्याचा पास २१५. दोन्ही टोकांच्या शेअर रिक्षा रोजचे ६०, तेवीस दिवस — १३८०. ऑफिसची चहावर्गणी २००.

एकूण दोन हजार नऊशे पंचेचाळीस.

मेघालीनं ठाण्याच्या सरकारी ऑफिसात पहिला महिना फुकट काम केलं, त्याचा हा खर्च. म्हणजे फुकटसुद्धा नाही — पदरचे तीन हजार मोजून काम केलं! तिची आई, सुमती, म्हणाली, दोन ड्रेस आणि चपला धरा. नाही धरल्या. त्या लग्नाकार्यालाही चालतील.

चहावर्गणीवर मात्र अडकलो. पगारदार माणसं चहा पिणार आणि बिनपगारी पोरीकडून वर्गणी घेणार. तिला विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं पप्पा, मी चहा पीत नाही. तर म्हणाले, नका पिऊ, पण वर्गणी सगळ्यांना सारखी."

योजना सरकारची. सहा महिने 'कार्यानुभव', मोबदला नाही, शेवटी प्रमाणपत्र आणि 'पुढील भरतीत प्राधान्याने विचार'. पोर बी.कॉम. झालेली, टॅली येतं, वय तेवीस. सप्टेंबरात कोलशेतला पॅकिंगच्या खोक्यांच्या कंपनीत अकाउंट्सला घेत होते तिला, चौदा हजारांवर. माझ्या गाळ्यापासून चालत दहा मिनिटं. डोंबिवलीहून माझ्याच स्कूटरवर आली-गेली असती. मीच नको म्हटलं. चौदा हजारांत काय होतंय, कागदावर सरकारी शिक्का आला की जन्माचं काम होतं — हे माझे शब्द. हिशेब लिहायलाच बसलोय तर हेही लिहून ठेवलेलं बरं.


रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी दाढीला गेलेलो. शेजारच्या खुर्चीतला माणूस साबण लावलेल्या तोंडानं म्हणाला, शेठ, तुमचं भाषण बघितलं मोबाइलवर, एक नंबर!

भाषण सप्टेंबरातलं. याच योजनेचा कार्यक्रम होता ठाण्यात. 'यशस्वी लघुउद्योजक' म्हणून मला शाल, नारळ आणि दहा मिनिटं. मोटर रिवाइंडिंगवाल्याला भाषणाला कोण बोलावतं? छाती फुगली माझी, खोटं कशाला लिहू.

मी सांगितलं ते असं. सोळाव्या वर्षी मोहन्याहून कल्याणला आलो, रतनशेठच्या वर्कशॉपमध्ये. जळलेल्या मोटरीतून तार उपसायची, खाचा घासायच्या, वार्निशच्या वासानं डोकं भणभणायचं. अकरा महिने! एक पैसा पगार नाही! बारावा महिना लागला तेव्हा शेठनं पहिलं पाकीट हातात ठेवलं. म्हणून आज कोलशेतला स्वतःचा गाळा आहे, आठ माणसं आहेत, आणि चालत्या मोटरीला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं की सांगतो, कुठलं बेअरिंग गेलंय. "फुकट राबलात तरच कान तयार होतात" — या वाक्याला टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत मेघाली बसलेली, मांडीवर फॉर्म.

गोष्ट खरीच आहे. बाबांचा अर्धा पगार गुत्त्यात जायचा आणि मी अकरा महिने घरी एक रुपया नेला नाही. आईनं कसं रेटलं तिलाच ठाऊक. त्यातूनही महिन्यात एकदा घरात मासळी असायचीच. गोमाजीची आई, भागीरथीमावशी, पाटी घेऊन मोहन्यात फिरायची. आमच्या दारात बसून दोन वाटे घालून जायची. उधारीवर असणार. पुढे मी वेगळा झालो तेव्हा तार गुंडाळायचं हातमशीन घ्यायला आईनंच चौदाशे रुपये काढून दिले. भिशी लागली म्हणाली. त्या मशीनवर सगळं उभं राहिलं.

गोमाजी रतनशेठकडे माझ्या आधीपासून होता. कल्याणच्या खाडीकाठचा कोळी, सहा वर्षांनी मोठा. आज माझ्याकडे आहे, आणि त्याच्यासारखी कॉइल भरणारा ठाणे जिल्ह्यात नाही. चारचौघांत मला शेठ म्हणतो. दोघंच असलो की दौलत.

भाषण त्यालाही दाखवलेलं. पूर्ण ऐकलं. मोबाइल परत दिला आणि कॉइल भरायला बसला.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

ओळखपत्राची दोरी तुटली. नवी पन्नास रुपये. पावती नाही.


शनिवार, १५ नोव्हेंबर

मेघाली आजही गेलेली. शनिवारी सरकारी माणसांना सुट्टी, पण शनिवारी पोर्टल पटापट चालतं म्हणून या पोरांना बोलावतात. शिपाई कुलूप उघडून देतो आणि तोही घरी जातो. पाच पोरं आणि चारशे अर्ज.

जेवताना विचारलं, काम शिकवलं कोणी तुला?

कोणी नाही. पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं, पासवर्ड सांगितला, संपलं शिक्षण. खण उघडला तर आत वहीची दोन पानं. सुरेख अक्षर. कुठला अर्ज कुठल्या रकान्यात, साडेअकराला सर्व्हर बसतो तेव्हा काय करायचं, कुठल्या साहेबांची सही जेवणाआधी घ्यायची आणि कुणाची जेवणानंतर. खाली लिहिलेलं — 'जे कोणी इथे बसेल त्यांच्यासाठी. रुचिता.' शिवाय सुपारीची अर्धी पुडी आणि एक केसांची क्लिप.

"माझी खरी ट्रेनर ती," मेघाली म्हणाली. "कधी भेटलीच नाही."

"मग गेली कुठे?"

"काँट्रॅक्टवर होती म्हणे. संपलं."

मी 'हं' म्हटलं आणि आमटी वाढून घेतली.


मंगळवार, २ डिसेंबर

तांब्याच्या तारेची ऑर्डर द्यायला ठाणे बाजारात गेलेलो. म्हटलं, चला, लेकीचं ऑफिस पाहू, दोघं मिळून मिसळ खाऊ. तिला न सांगता गेलो. गेलोच नसतो तर बरं झालं असतं.

तिच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. आत पंखा. त्याच्या आवाजावरून कपॅसिटर गेलाय हे मला तिथूनच कळलं. आणि पंख्याच्या घरघरीखालून दोन कारकुनांचं बोलणं.

"हा गठ्ठा कोणाला देऊ?"

"फुकट्यांना दे की. ती खिडकीतली फुकटी आहे ना, ती भराभर काढते."

खिडकीत माझी मेघाली बसते.

भराभर काढते — हे कौतुक होतं! म्हणून जास्त किळस आली. शिवी दिली असती तर उठून कॉलर धरता आली असती. कौतुकाला काय धरणार? आणि आवाजात राग नाही, टिंगल नाही. पंखा म्हणावं, टेबल म्हणावं, तसं फुकटी.

तेवढ्यात साहेब आले. कार्यक्रमात मला शाल घातली तेच. अहो दौलतशेठ, तुम्ही बाहेर का बसलात! केबिनमध्ये नेलं, चहा मागवला. मी प्यालो तो चहा. अर्धा कप झाल्यावर आठवलं की हा माझ्या पोरीच्या दोनशे रुपयांतला आहे. कप तसाच बशीत ठेवला.

साहेब खुशीत होते. सप्टेंबरअखेर तीन काँट्रॅक्टच्या ऑपरेटर बायका कमी केल्या. प्रत्येकीला साडेतेरा हजार. वर्षाचे जवळजवळ पाच लाख वाचले. "काम तेच, पोरं तरुण, खर्च शून्य. आणि घडतायत ना ती, तुमच्यासारखी!"

मी हसलो. मला हसायची सवय आहे. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी मी आधी हसतो. तसाच हसलो.

जाताना त्यांनी व्हरांड्यातला फलक दाखवला. वर 'प्रेरणा'. खाली माझा फोटो, शालीसकट, वर्तमानपत्रातून कापलेला. 'अकरा महिने बिनपगारी. आज आठ जणांचे पोशिंदे.' चार कोपऱ्यांना जागा नव्हती म्हणून दोनच टाचण्या. वरची नेमकी कानातून गेलेली.

मिसळ खाल्ली नाही. मेघालीला न भेटताच आलो.


बुधवार, ३ डिसेंबर

तिला म्हटलं, सोड. उद्यापासून जाऊ नकोस.

तिनं कपाटातून शपथपत्राची प्रत काढली आणि बोट ठेवलं. मधेच सोडल्यास प्रमाणपत्र नाही आणि तीन वर्षं दुसऱ्या कुठल्याही योजनेत अर्ज नाही. खाली साक्षीदाराची सही माझी. मी न वाचता केलेली. पंपाच्या कोटेशनवरचा एक कॉमा न सोडणारा मी!

मग म्हटलं, ते लोक तुम्हाला काय म्हणतात, माहितीय?

"फुकटे. माहितीय. माझ्या वहीवर लिहिलंय मी, फुकटी नंबर तीन." आणि हसली. सुमती नाही हसली. भांडी आदळत राहिली.

फलकाचंही तिला पहिल्यापासून ठाऊक. एका पोरानं साहेबांना विचारलेलं, निदान प्रवासखर्च तरी मिळेल का. साहेबांनी त्याला माझ्या फोटोसमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, वाच मोठ्यानं. त्यानं वाचलं. सगळ्या पोरांनी ऐकलं. ते पोर मेघालीकडे बघत होतं की नाही, हे तिनं सांगितलं नाही.


सोमवार, २२ डिसेंबर

कोलशेतच्या एका सोसायटीचा पंप. मी कान लावून सांगितलं, मागचं बेअरिंग. उघडलं तर बेअरिंग नवं कोरं — पंख्याचं पातं घासत होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. गोमाजी म्हणाला, "ऱ्हाव दे, होतं." मला नको वाटतं त्याचं 'होतं'.


सोमवार, १२ जानेवारी

दुपारी डबे उघडून बसलेलो. गोमाजी खाली बघून म्हणाला, सुनेला काही काम असेल तर बघ. कॉम्प्युटरचं येतं तिला.

त्याच्या पोराचं, प्रीतमचं, लग्न मी जेवलोय. मिक्सर दिलेला आहेर. पण सुनेचं नाव काही आठवेना — त्यांच्या घरी सगळे सूनबायच म्हणतात. आधी कुठे होती, विचारलं.

ठाण्याला, सरकारी ऑफिसात. चार वर्षं. काँट्रॅक्ट. सप्टेंबरला काढली.

"नाव काय तिचं?"

"रुचिता."

मी चपाती गुंडाळून परत डब्यात ठेवली.

विचारलं, आमची मेघाली तिथेच आहे, ठाऊक होतं तुला? "ठाव हाय," म्हणाला. "पोरीचा काय दोस." कधीपासून ठाऊक? दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे दिवाळीला तो फराळाचा डबा घेऊन आमच्या घरी आला, मेघालीच्या हातात दिला, तेव्हाही ठाऊक होतं! घरातला एक पगार गेलेला आणि माणूस शंकरपाळे घेऊन आला. तीन महिने माझ्यासमोर बसून कॉइल भरतोय. एक शब्द नाही.

आणि मी! नोव्हेंबरात नाव ऐकलेलं जेवताना. माझ्या कानातून म्हणे काही सुटत नाही.


मंगळवार, १३ जानेवारी

मेघालीला सांगितलं. काही विनोद केला नाही तिनं. बॅगेतून ती दोन पानं काढली, घडी सरळ केली, परत ठेवली. म्हणाली, "रोज तिच्या जागेवर बसते मी, पप्पा. तिच्याच कागदावर बघून."


रविवार, १८ जानेवारी

मेघाली कल्याणला गेलेली, एकटी, गोमाजीच्या घरी. क्लिप परत द्यायला. मला वाटलं दहा मिनिटांत येईल रडवेली होऊन. तीन तासांनी आली, पिशवीत सुके बोंबील. रुचितानं पहिला प्रश्न काय विचारला? — सर्व्हर अजून साडेअकरालाच झोपतो का. दोघी हसत बसल्या म्हणे. साहेबांची नक्कल रुचिता जास्त चांगली करते.

बायकांना हे कसं जमतं कळत नाही. मला गोमाजीकडे बघवत नाही.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

लिहायला हात होत नाही, इतका वीट आलाय. पण लिहितो.

भरतीची जाहिरात आली. जिच्यासाठी हे सगळं चाललंय, तीच. 'अनुभव — किमान सहा महिने, वेतनाच्या पुराव्यासह.' मेघालीनं चौकशीच्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. बाईंनी शांतपणे सांगितलं, विनामोबदला अनुभव ग्राह्य नाही. पण योजनेच्या पत्रकात प्राधान्य लिहिलंय, मॅडम. "ते पत्रक दुसऱ्या टेबलाचं आहे."

दुसऱ्या टेबलाचं! माझ्या गाळ्यात एका टेबलावर मोटर उघडून दुसऱ्यावर मी 'ही आमची नव्हे' म्हटलं, तर गिऱ्हाईक मला त्याच मोटरीनं मारील.

मग तिनं स्वतःच कोलशेतच्या खोक्यांच्या कंपनीला फोन केला. काल बोलावलेलं. आज तिनं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. त्यांचा मॅनेजर म्हणाला, सध्या कुठे आहात. तिनं सांगितलं, अभिमानानं सांगितलं, शासकीय कार्यानुभव, पाच महिने झाले.

"तिथे किती मिळतात?"

"काही नाही."

"मग आम्ही नऊ देतो. वाढच झाली की तुमची."

सप्टेंबरात काहीच अनुभव नसताना चौदा. पाच महिने राबून नऊ. आणि निघताना त्यानं हेही ऐकवलं की कंपनीनं याच योजनेत दोन पोरं मागितली आहेत, ती आली तर नऊचीही गरज नाही, तेव्हा लवकर कळवा.

माणूस एकदा फुकट मिळतो हे कळलं की त्याची किंमत तिथून मोजतात. खालून. हे मला धंद्यात कळत होतं. मी कधी कुणाला पहिली मोटर फुकट भरून दिली नाही — दिली की दुसरीलाही तोच भाव मागतात. गिऱ्हाइकांच्या बाबतीत कळत होतं. पोरीच्या बाबतीत टाळ्या खात बसलो.

जाते म्हणाली, एप्रिलपासून. घरी बसण्यापेक्षा बरं. "तुम्ही काही बोलू नका, पप्पा."


सोमवार, ९ मार्च

एक तरी चांगलं काम झालं. रुचिताला गाळ्यावर घेतलं. बिलं, जीएसटी, फोन — मला कोणीतरी हवंच होतं. बाई चलाख आहे. दुपारपर्यंत वर्षाच्या बिलांची चळत तारखेनं लावली आणि एका गिऱ्हाइकाला आपण दोनदा बिल लावलंय हे काढून दाखवलं. बोलते कमी, पण बोलली की नेमकं.

गोमाजीला सांगितलं, दोन-तीन महिने हात बसू दे. मोटरीचं काम वेगळं, हॉर्सपॉवर म्हणजे काय, फेज म्हणजे काय, शिकू दे. मग बसून पगाराचं ठरवू. तोवर रिक्षाभाडं देतो, रोजचे पन्नास.

गोमाजी 'बरं' म्हणाला.

त्या ऑफिसानं काढलेली बाई मी ठेवली. आज जेवण गोड लागलं.


शनिवार, २१ मार्च

रुचितानं फोनवर एकाचं थकलेलं बिल गोड बोलून काढलं. मला आठ महिने जमलं नव्हतं.


मंगळवार, ३१ मार्च

मेघालीचा शेवटचा दिवस. शेवटचं काम काय दिलं? — सगळ्या ऑफिसांतल्या पोरांची प्रमाणपत्रं छापायची. चाळीस. त्यात तिचं स्वतःचं. स्वतःचं नाव टाइप केलं, स्वतः छापलं, स्वतः सहीला नेलं. साहेब मीटिंगमध्ये. सहा वाजेपर्यंत बाहेर उभी राहिली. सही झाली ती कुणाच्यातरी पाठीवर कागद टेकवून, जिन्यात.

वाचलं. 'स्वेच्छेने व विनामोबदला सेवा केली.' स्वेच्छेने! स्वेच्छा कोणाची, हे त्या कागदावर कुठे छापलेलं नाही. माझी होती.

सुमती फ्रेम करू म्हणाली. मेघालीनं तो वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवला. तिला विचारलं, तो माझा फोटो अजून आहे का तिथे?

"आहे. एक टाचणी पडलीय. तिरके झालायत."


मंगळवार, ७ एप्रिल

सात तारीख, पगार. रतनशेठकडे सातला व्हायचा, ती सवय मी मोडली नाही. पाकिटं या वेळी रुचितानं भरली. आठ माणसांची आठ — वर नाव, आत हिशेबाची चिठ्ठी, सगळं टापटीप. नववं तिचं. आत बाराशे, चोवीस दिवसांचं रिक्षाभाडं. त्याच्यावर तिनं नाव लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेले, गोमाजी थांबला. ते कोरं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"दौलत, हे तुझ्याकडंच ऱ्हाव दे. सून उद्यापासून नाय यायची."

मला राग आला. खरंच आला. तिला सरकारनं काढली, मी जागा दिली, आणि हा मलाच ऐकवतोय! म्हटलं, गोमाजी, शिकतेय ती अजून. दोन महिने धीर नाही? मी नव्हतो का, तुझ्यासमोर, अकरा महिने—

"तू फुकट होतास, हे तुला कोन बोल्लं?"

मी हसलो. म्हटलं, कोणी कशाला बोलायला हवं, मीच होतो ना तिथे!

तो हसला नाही. भिंतीला हात टेकून चपला घातल्या, एक, मग दुसरी. घाई नाही. "रतनशेठनं कोनाला फुकट ठेवला नाय. आता तूच ठेवतोस." दारात वळला. "मोहन्याला जा. माझी आय तुमच्या दारात पाटी कशाला उतरवायची, ते तुझ्या आयेला इचार."

शटर मीच ओढलं आज. गोमाजी असताना कधी ओढावं लागत नाही.


बुधवार, ८ एप्रिल

मोहन्याला जाऊन आलो, धाकट्या भावाकडे, सुदेशकडे. आई गॅलरीत लसूण सोलत बसलेली. विचारलं.

हात थांबला नाही तिचा. "दीडशे. दर सात तारखेला. शेठ गोमाजीकडे द्यायचे, भागीरथी पाटीत मासळीखाली घालून आणायची. तुझ्या हातात दिले असते तर तुझ्या बापानं काढून घेतले असते."

आणि भिशी?

"कसली भिशी. त्यातलेच उरलेले ते. तुझं मशीन त्याच पैशांचं."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तू इतकं रंगवून सांगायचास." मांडीवरची सालं झटकली तिनं. "आणि फुकट कोण पाठवतं रे पोराला?"

पहिला महिना धरून अकरा. एकही चुकला नव्हता.